खिळ्यांचा भाव, चर्चमधले अश्रू आणि एक डुकरीण : मॅसॅच्युसेट्सची पहिली वर्षं

उंबरठा (धागाकर्ती)

बॉस्टनच्या स्टेट स्ट्रीटवर, काचेच्या उंच इमारतींच्या कोंडाळ्यात, विटांची एक बुटकी जुनी इमारत आहे. जुनं स्टेट हाऊस. दर्शनी भिंतीवर एका कोपऱ्यात सिंह, दुसऱ्यात युनिकॉर्न, आणि पोटात भुयारी रेल्वेचं स्टेशन. कामावर जाताना मी रोज तिथेच उतरते. ही इमारत 1713 ची. पण त्याआधी त्याच जागी लाकडी टाउन हाऊस होतं, 1711 च्या आगीत ते जळालं. खांबांवर उभारलेलं होतं ते. खाली मोकळ्या जागेत बाजार, वरच्या मजल्यावर न्यायालय आणि सभा. ते बांधायला ज्या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात 300 पौंड ठेवले, त्याच्यावर हा धागा आहे.

निमित्त माझ्या मुलीचं. शाळेत शिकवलं की प्युरिटन लोक (इंग्लंडच्या चर्चची आणखी शुद्धी व्हावी म्हणणारे कडवे प्रोटेस्टंट) धर्मस्वातंत्र्यासाठी इथे आले. आठवड्याभरात सरकारी इमारतीसमोरचा, क्वेकर पंथाच्या मेरी डायरचा पुतळा बघून आली आणि विचारलं, "आई, हिला त्याच लोकांनी फाशी दिलं ना? मग स्वातंत्र्य कुणाचं?" नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून वाचायला बसले. तीन-चार महिने झाले, अजून वाचतेच आहे.

आधी एक कागद समजून घेऊ या, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. 1629 च्या मार्चमध्ये चार्ल्स पहिला याने 'मॅसॅच्युसेट्स बे कंपनी'ला सनद दिली. ही व्यापारी कंपनी होती. गव्हर्नर म्हणजे कंपनीचा अध्यक्ष, 'असिस्टंट' म्हणजे संचालक मंडळ, 'फ्रीमन' म्हणजे भागधारक आणि 'जनरल कोर्ट' म्हणजे भागधारकांची सभा. आपल्या सोसायटीची किंवा साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा डोळ्यांपुढे आणा, साधारण तसंच. कंपनीची सभा कुठे भरवायची हे सनदेत लिहायचं राहून गेलं होतं. लंडनमध्येच भरवायची असं बंधन नाही, हे प्युरिटन भागधारकांनी हेरलं. ऑगस्ट 1629 मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला त्यांनी आपसात ठराव केला की आम्ही स्थलांतर करतो, पण सनद आणि कारभार दोन्ही बरोबर नेणार असू तरच. 1630 मध्ये कंपनीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप 'आर्बेला' जहाजातून सनद घेऊन निघाला, आणि कंपनीचं मुख्यालयच समुद्रापार गेलं. कंपनीची घटना ती राज्याची घटना झाली. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव आजही 'जनरल कोर्ट'च आहे.

आता यात धर्म कसा मिसळला बघा. 1631 मध्ये ठरलं की यापुढे चर्चचा सदस्य असेल तोच फ्रीमन होईल. चर्चचा सदस्य होणं सोपं नव्हतं. ईश्वरी कृपेचा आपल्याला काय अनुभव आला हे मंडळींसमोर सांगायचं, त्यांना ते पटलं तर प्रवेश. चर्चला हजर राहणं मात्र सगळ्यांना सक्तीचं. म्हणजे भाग विकत घेऊन मिळणारं मत आता मनाच्या साक्षीवर मिळू लागलं. तरीही पाद्र्याला सरकारी पद घेता येत नसे, आणि लग्न चर्चमध्ये नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे लागायचं. 'पाद्र्यांचं राज्य' म्हणून हा विषय एका वाक्यात उरकतात, ते मला पटत नाही. पाद्र्याच्या हातात दंडुका नव्हता. पण ज्याच्या हातात होता, तो रविवारी त्याच पाद्र्यासमोर बाकावर बसलेला असायचा.

आता तो व्यापारी. रॉबर्ट केन. लंडनच्या मर्चंट टेलर्सपैकी. 1635 मध्ये दोन-तीन हजार पौंडांची पुंजी घेऊन आला आणि बॉस्टनमध्ये आयात मालाचं दुकान थाटलं. धार्मिक माणूस, प्रवचनांची टिपणं काढणारा. चर्चचा पाद्री जॉन विल्सन त्याचा साडू. 1638 मध्ये वसाहतीची लष्करी कंपनी स्थापन झाली तिचा पहिला कप्तानही तोच.

नोव्हेंबर 1639 मध्ये केन जनरल कोर्टापुढे आरोपी म्हणून उभा राहिला. आरोप एकच, नफा जास्त घेतो. विन्थ्रॉपने रोजनिशीत हिशोब लिहून ठेवलाय : काही मालावर शिलिंगमागे सहा पेन्सच्या वर, काहींवर आठ पेन्सच्या वर, आणि काही किरकोळ वस्तूंवर दुप्पट. बारा पेन्सचा शिलिंग, म्हणजे पन्नास टक्के, सदुसष्ट टक्के आणि शंभर टक्के. माल कसला? खिळे, घोड्याचा लगाम, सोनेरी बटणं. सभेतले गावोगावचे प्रतिनिधी म्हणाले दोनशे पौंड दंड करा, मॅजिस्ट्रेट (म्हणजे तेच 'असिस्टंट') म्हणाले शंभर पुरेत. शेवटी ऐंशीवर आलं.

गोष्ट इथे संपत नाही, आणि मला हलवून सोडणारा भाग पुढेच आहे. सरकारने दंड केल्यावर तोच गुन्हा चर्चपुढे आला. काहींना वाटत होतं याला बहिष्कृतच करावं. केन सगळ्या मंडळींसमोर उभा राहिला आणि आपल्या लोभी, भ्रष्ट हृदयाबद्दल रडत रडत कबुली दिली. बहिष्कार टळला, जाहीर समज मिळाली.

एक माणूस, एक लगाम, काही शेर खिळे. त्याच गोष्टीसाठी एका ठिकाणी दंड, दुसऱ्या ठिकाणी अश्रू. सरकार, धर्म आणि व्यापार अशी तीन प्रकरणं आपण पुस्तकात वेगवेगळी वाचतो, पण त्या गावात ती एकाच माणसाच्या मानेवर एकत्र बसलेली होती. डुकरिणीचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, जेवणाची वेळ झाली.

---

मीठभाकर

सुंदर लिहिलंय. पण मी केनच्या बाजूने बोलणार.

आमचं चार पिढ्यांचं किराणा दुकान आहे, घाटावरच्या लहान गावात. लहानपणापासून गल्ल्यावर बसलोय. गिऱ्हाइकाला दिसतो फक्त खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव. मधलं काही दिसत नाही. वाहतूक, उंदीर, ओल, आणि सगळ्यात मोठी गोष्ट उधारी. आजोबांची लाल कापडी वही अजून घरात आहे, तिच्यात 1972 च्या दुष्काळातली नावं आहेत, पुढे रक्कम आहे आणि वसुलीचा रकाना कोरा आहे. आजोबांनी ती पानं फाडू दिली नाहीत आणि वसूलही केलं नाही. पण त्या साली गावात त्यांना 'लुटारू' म्हणणारेही होते, कारण तेलाचा भाव चढला होता. तो चढवला कुणी, हे बोलणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

माझा प्रश्न, केनने कायदा मोडला होता का? आणि माल उधारीवर होता का रोखीने?

---

उंबरठा

मीठभाकर, आजोबांच्या वहीचं वाचून थांबलेच क्षणभर. तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे, केनच्या बाजूच्या लोकांनीही तोच मुद्दा काढला होता.

कायदा मोडला नव्हता. नफ्याला मर्यादा घालणारा कायदा त्या वेळी अंमलात नव्हता. 1633 मध्ये झाला होता, इंग्लंडमधल्या किमतीवर शिलिंगमागे चार पेन्सहून जास्त नफा नको असा. तो टिकला नाही. त्याआधी 1630 मध्येच सुतार-गवंड्यांच्या मजुरीवर दिवसाला दोन शिलिंगची कमाल मर्यादा घातली होती, तीही पाळणं जड गेलं. लोक जहाज भरभरून येत होते, घरं बांधायची घाई, माल कमी, हात कमी. भाव चढणारच. विन्थ्रॉपनेही नोंदवलंय की असा नफा इतर व्यापारीही घेत होते, सगळ्या देशांत घेतात. मग केनलाच का पकडलं? कारण तो धर्माचा जुना आणि नामांकित अनुयायी, श्रीमंत, मूल एकच, आणि चर्चकडून व मॅजिस्ट्रेटांकडून त्याला आधीच समज मिळालेली. चांगल्या माणसाकडून जास्त अपेक्षा, हा हिशोब.

आणि हो, उधारी! केनने स्वतः पुढे तेच लिहिलं. तक्रार करणाऱ्यांनीच मालाचे पैसे वेळेवर दिले नव्हते.

त्याच दिवसांत जॉन कॉटन या विद्वान पाद्र्याने याच विषयावर प्रवचन केलं. व्यापारातली खोटी तत्त्वं कोणती, तर पहिलंच हे : जमेल तितक्या महाग विकावं आणि जमेल तितक्या स्वस्तात घ्यावं. आज आपण ज्याला व्यवहार म्हणतो तेच त्याच्या यादीत पहिलं पाप! पुढे तो म्हणतो, समुद्रात माल बुडाला तर तो तोटा उरलेल्या मालाचा भाव वाढवून दुसऱ्यांवर टाकू नये, ती देवाने तुझी घेतलेली परीक्षा आहे. पण मालाचीच टंचाई पडली तर भाव वाढवायला हरकत नाही, कारण तिथे देवाचा हात मालावर आहे, माणसावर नाही. मी हे दोनदा वाचलं. तोटा कुणी सोसायचा हा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे, आणि त्या माणसाने तो टाळला नाही.

---

पायवाट

वाचतेय. डुकरिणीची वाट बघतेय :)

---

उंबरठा

आले डुकरिणीकडे.

1636. बॉस्टनच्या रस्त्यांवर डुकरं मोकाट. कुणीतरी एक भटकी मादी केनकडे आणून दिली. त्याने गावात दवंडी पिटवली, कुणी मालक येतोय का बघितलं. जवळपास वर्षभर कुणी हक्क सांगितला नाही. त्याची स्वतःचीही एक डुकरीण होती, ती त्याने मारली. त्यानंतर एलिझाबेथ शर्मन नावाची बाई पुढे आली. भटकीच्या अंगावर तिच्या डुकरिणीच्या खुणा जुळेनात, तेव्हा ती म्हणू लागली की केनने मारली ती माझी.

तिला गावात 'गुडी शर्मन' म्हणत. 'गुडवाइफ'चं ते बोलीतलं रूप. प्रतिष्ठित घरातल्या बाईला 'मिस्ट्रेस', साध्या घरातलीला 'गुडी'. आपल्याकडे 'बाई' आणि 'बाईसाहेब' यांत जेवढं अंतर, तेवढं. नवरा इंग्लंडला, घरात जॉर्ज स्टोरी नावाचा लंडनचा तरुण व्यापारी भाड्याने राहत होता, त्याने हे प्रकरण उचलून धरलं.

आधी वाद चर्चपुढे गेला, केन निर्दोष. मग कोर्टात, ज्यूरीने केनच्या बाजूने निकाल दिला, तीन पौंड खर्चही मिळाला. केनने उलट बदनामीचा दावा ठोकला आणि वीस पौंड नुकसानभरपाई मिळवली. इथे तो हुकला असं मला वाटतं. साध्या बाईकडून वीस पौंड! गावात आधीच 'नफेखोर' म्हणून नाव झालेलं. लोकांची सहानुभूती शर्मनबाईकडे वळली.

1642 मध्ये स्टोरीने प्रकरण जनरल कोर्टात नेलं. सात दिवस सुनावणी. सात दिवस, एका डुकरिणीसाठी, वसाहतीची सर्वोच्च सभा! मतं अशी पडली : नऊ मॅजिस्ट्रेटांपैकी दोन बाईच्या बाजूने, सात केनच्या. तीस प्रतिनिधींपैकी पंधरा बाईच्या बाजूने, आठ केनच्या, सात तटस्थ. बेरीज करा, सतरा विरुद्ध पंधरा, बाई जिंकली. पण नियम असा होता की मॅजिस्ट्रेटांचं बहुमत आणि प्रतिनिधींचं बहुमत दोन्ही लागेल. म्हणजे निकालच नाही.

मग गावोगाव एकच चर्चा, मूठभर मॅजिस्ट्रेटांना हा नकाराधिकार कुणी दिला? विन्थ्रॉपने त्याच्या बचावासाठी लेखणी उचलली. तो अधिकार काढला तर निव्वळ लोकशाही होईल आणि तिला धर्मग्रंथात आधार नाही, असं त्याचं म्हणणं. वाद दीड वर्ष चालला. अखेर 1644 मध्ये ठरलं की मॅजिस्ट्रेट वेगळे बसतील, प्रतिनिधी वेगळे बसतील, आणि दोघांची संमती असेल तरच ठराव पास. आजची सिनेट आणि प्रतिनिधीगृह ही त्याचीच पुढची रूपं.

सगळं श्रेय डुकरिणीला देता येणार नाही, हेही सांगते. तणाव आधीपासून होता. 1632 मध्ये वॉटरटाउनच्या लोकांनी तटबंदीसाठी बसवलेल्या 60 पौंडांच्या कराला विरोध केला, आमच्या संमतीविना कर कसा? 1634 मध्ये गावोगावच्या प्रतिनिधींनी विन्थ्रॉपला म्हटलं, आम्हाला ती सनद दाखवा. तोवर सामान्य फ्रीमननी ती पाहिलेलीच नव्हती! दाखवल्यावर कळलं की कायदे करण्याचा हक्क सगळ्या फ्रीमनच्या सभेला आहे. त्या वर्षी विन्थ्रॉप गव्हर्नरपदाची निवडणूक हरला.

कर, भाव, डुक्कर. मोठ्या तत्त्वांवरून नाही, अशा घरगुती गाऱ्हाण्यांवरून तिथल्या सामान्य माणसाने कारभाराचा दरवाजा ठोठावला.

---

खाडीकाठ

धागा आवडला, पण एक मोठी पोकळी आहे आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही. हे सगळं कुणाच्या जमिनीवर?

कंपनीच्या 1629 च्या शिक्क्यावर एक आदिवासी माणूस आहे आणि त्याच्या तोंडी शब्द आहेत, 'या, आम्हाला मदत करा'. त्याच्या आधी दहा-पंधरा वर्षं साथीने किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पडली होती. 1637 मध्ये पीकॉट या आदिवासी लोकांचं मिस्टिकचं कोट असलेलं गाव पहाटे जाळलं, शेकडो माणसं, त्यात बायका-मुलं. उरलेल्यांतले काही कैदी 'डिझायर' नावाच्या जहाजाने कॅरिबियनमध्ये विकायला नेले. तेच जहाज 1638 मध्ये परत आलं ते मीठ, कापूस, तंबाखू आणि आफ्रिकन गुलाम घेऊन. म्हणजे केनच्या खिळ्यांवर सभा भरली त्याच्या एकच वर्ष आधी. आणि 1641 च्या 'बॉडी ऑफ लिबर्टीज' या हक्कांच्या संहितेतच एक कलम आहे, न्याय्य युद्धातले कैदी आणि आम्हाला विकले गेलेले परके यांना गुलाम ठेवता येईल.

खिळ्यावर दुप्पट नफा घेतला तर पाप, आणि माणूस विकला तर कलम. हे त्यांच्या चर्चमध्ये कुणी विचारलं का?

---

उंबरठा

खाडीकाठ, हे मूळ लेखात यायला हवं होतं. मी लिहिलं नाही ही माझी चूक, आणि तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

जमिनीचा प्रश्न एकाने थेट विचारला होता, रॉजर विल्यम्स या पाद्र्याने. जमीन ज्यांची आहे त्यांच्याकडून विकत न घेता इंग्लंडच्या राजाला ती देण्याचा अधिकार नाही, असं तो म्हणाला. आणि माणसाच्या देवाशी असलेल्या नात्यात मॅजिस्ट्रेटने हात घालू नये, असंही म्हणाला. 1635 मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली. पुढच्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात तो निघाला, आणि नरागान्सेट आदिवासींकडून जागा मिळवून प्रॉव्हिडन्स वसवलं. इथल्या जानेवारीत मी गाडीपासून दारापर्यंत चालताना त्याची आठवण काढते.

व्यापाराची बाजू तुम्ही म्हणता त्याहून खोल आहे. 1640 नंतर इंग्लंडमध्येच राजाविरुद्ध बंडाळी माजली, नवे लोक यायचे थांबले. इथली अर्थव्यवस्था नव्या लोकांना गुरं आणि धान्य विकण्यावर उभी होती, ती कोसळली. मग मासे, लाकूड, पिंपांच्या फळ्या जहाजात भरून स्पेन, अझोर्स आणि कॅरिबियन. उत्तम खारवलेला कॉड स्पेनला जायचा आणि सगळ्यात हलका, तुटका माल बार्बाडोसला, उसाच्या मळ्यांतल्या गुलामांच्या पोटासाठी. त्या साखरेच्या काकवीपासून इथे रम. विधिमंडळाच्या सभागृहात आजही लाकडी कॉड मासा टांगलेला आहे. तो बघताना हे सगळं आठवावं असं मला वाटतं.

---

जुनी वही

अतिशय जिव्हाळ्याचा विषय. माझा अभ्यास ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईचा, म्हणून एक धागा जोडतो, तो खरंच जुळलेला आहे.

मॅसॅच्युसेट्सच्या 1629 च्या सनदेत म्हटलंय की ही जमीन 'ईस्ट ग्रिनिचच्या मॅनॉर'प्रमाणे धारण करावी. लंडनजवळची राजाची ती एक जहागिरी, तिथल्या सोप्या धारणापद्धतीचा नमुना वापरायची वकिली प्रथा होती. लष्करी चाकरी नको, ठरलेलं देणं दिलं की झालं. आता 27 मार्च 1668 ची दुसरी सनद बघा. चार्ल्स दुसऱ्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली ती, वार्षिक दहा पौंड सोन्यात, आणि धारणा 'ईस्ट ग्रिनिचच्या मॅनॉर'प्रमाणे! कायद्याच्या भाषेत आमचं माहीम-माझगाव आणि तुमचं बॉस्टन एकाच जहागिरीच्या नमुन्यावर.

पण नमुना एक असला तरी पीक वेगळं आलं. मुंबईत कंपनीला आपल्या धर्माचे लोक वसवायचे नव्हते, पेठ वसवायची होती. सुरतेहून, दीवहून व्यापारी यावेत म्हणून गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर पायघड्या घालत होता. दीवच्या निमा पारेखने 1677 मध्ये येण्याआधी लेखी अटी मागितल्या : आमच्या धर्मात ढवळाढवळ नको, आमच्या वस्तीत जीवहत्या नको. कंपनीने मान्य केल्या. ऑन्जियरने 1672 मध्ये न्यायालय उघडलं, आणि जातीजमातींच्या तंट्यांसाठी त्यांच्या त्यांच्या पंचायती ठेवल्या.

चर्चचं बघा. बॉस्टनकडे गाव वसलं की पहिल्या इमारतींत प्रार्थनागृह असायचं. मुंबईत ऑन्जियरच्या काळात चर्चच्या भिंती उभ्या राहायला लागल्या, तो 1677 मध्ये सुरतेला वारला आणि काम थांबलं. चाळीसेक वर्षं भिंती तशाच. 1718 च्या नाताळात ते सुरू झालं, आजचं फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल. चर्चगेटच्या नावातलं चर्च ते हेच. लोकलने रोज लाखो माणसं त्या नावाच्या स्टेशनात उतरतात.

---

पायवाट

जुनी वही, म्हणजे मुंबईत इंग्रज जास्त उदार होते असं म्हणायचं का?

---

जुनी वही

नाही, उदार शब्द मी वापरणार नाही. गरज होती. बॉस्टनला बहुतेक सगळे एकाच पंथाचे, त्यामुळे दुसऱ्याला हाकलून देणं परवडत होतं. मुंबईत ज्यांना हाकलायचं त्यांच्याच जिवावर जकात गोळा होणार होती. आणि अटी मागण्याइतकं वजन निमा पारेखचं होतं. कोळ्याचं किंवा आगऱ्याचं नव्हतं, त्यांच्याशी कुणी करारनामे केले नाहीत.

शिवाय मुंबईबाहेर सत्ता दुसऱ्याची होती. 1674 मध्ये कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेला, तो व्यापाराच्या मागण्या घेऊनच. त्यात एक मागणी होती, कंपनीची नाणी राज्यात चालावीत. महाराजांकडून उत्तर आलं की नाणं कसाला उतरत असेल तर लोक घेतील, आम्ही बंदीही करणार नाही आणि सक्तीही करणार नाही. नाणं हा सार्वभौमत्वाचा विषय आहे हे रायगडाला पक्कं ठाऊक होतं.

---

उंबरठा

जुनी वही, ईस्ट ग्रिनिचचं वाचून मी खुर्चीतून उठलेच! हे अजिबात माहीत नव्हतं.

नाण्यावरून आमच्याकडचं सांगते. 1652 मध्ये बॉस्टनने स्वतःची टांकसाळ काढली, जॉन हल नावाचा सोनार टांकसाळीचा प्रमुख. पुढे तिथून पाइनच्या झाडाचा छाप असलेले शिलिंग निघाले. त्या साली इंग्लंडच्या गादीवर राजाच नव्हता. 1660 मध्ये राजा परत आला तरी नाणी पडत राहिली, आणि त्या शिलिंगांवर वर्ष तेच, 1652. टांकसाळ निघाल्यापासून तीसेक वर्षं. इथल्या संग्रहालयात असा एक शिलिंग मी बराच वेळ बघत उभी होते. पातळ, कडेने थोडा कापलेला, झाड मात्र स्पष्ट.

1684 मध्ये राजाच्या न्यायालयाने मॅसॅच्युसेट्सची सनद रद्द केली. त्यांच्यावरच्या आक्षेपांत ही टांकसाळ होती, राजाचे व्यापारी कायदे धुडकावणं होतं आणि धर्माच्या अटीवर मताधिकार देणंही होतं. पुन्हा तिन्ही गोष्टी एकाच आरोपपत्रात. 1691 ची नवी सनद आली तेव्हा चर्चच्या सदस्यत्वाची अट जाऊन मालमत्तेची अट आली.

---

जुनी वही

1684! त्याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं सांगतो. 1683 च्या डिसेंबरात कॅप्टन रिचर्ड केग्विनने कंपनीविरुद्ध बंड केलं आणि मुंबई राजाच्या नावाने ताब्यात घेतली. कंपनीच्या काटकसरीला आणि करांना सैनिक व रहिवासी कंटाळले होते. जवळपास वर्षभर त्याने कारभार केला, मग राजाचाच हुकूम आल्यावर 1684 च्या नोव्हेंबरात परत दिली.

बॉस्टनचे लोक राजाविरुद्ध कंपनीच्या कागदाला घट्ट धरून बसले होते, आणि मुंबईचे लोक कंपनीविरुद्ध राजाचं नाव घेत होते. दोन्हीकडे दुखणं एकच, लांबून कुणीतरी आपला हिशोब तपासतंय.

---

तांबडी माती

उशिरा आले. एक भर. एलिहू येल बॉस्टनमध्ये जन्मला, 1649 मध्ये, आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, 1687 ते 1692. 1718 मध्ये त्याने कनेटिकटमधल्या एका प्युरिटन कॉलेजला 417 पुस्तकं, राजाचं एक चित्र आणि मालाचे नऊ गठ्ठे पाठवले. त्या गठ्ठ्यांत कापड होतं. ते विकून 562 पौंड आले आणि कॉलेजला येलचं नाव मिळालं. हिंदुस्थानच्या व्यापारातला पैसा आणि प्युरिटन कॉलेजची इमारत. मी तिथे दोन वर्षं शिकले, पण हा गठ्ठ्यांचा हिशोब पदवी मिळाल्यानंतर कळला.

---

मीठभाकर

उंबरठा, केनचं शेवटी काय झालं? दंडाचं दुःख विसरला का?

---

उंबरठा

नाही विसरला.

1653 च्या ऑगस्टमध्ये तो मृत्युपत्र लिहायला बसला. 158 पानं, स्वतःच्या हाताने. मुला-नातीला काय द्यायचं ते आहेच, पण पानंच्या पानं चौदा वर्षांपूर्वीच्या त्या खटल्यावर. लगाम मी दोन शिलिंगला विकला, आज त्याहून वाईट लगाम तीनला विकतात आणि कुणी काही बोलत नाही. खिळ्यांचा हिशोब, बटणांचा हिशोब, न आलेल्या पैशांचा हिशोब. आपल्या हिशोबाच्या वह्यांची यादी, कुठल्या वहीत काय आहे तेही. देवासमोर मी पापी आहे हे तो मान्य करतो, पण त्या लोकांनी लावलेला आरोप तसाच्या तसा मान्य करत नाही. भर चर्चमध्ये रडून कबुली दिलेला माणूस, चौदा वर्षांनी एकटा बसून, जिथे उलट उत्तर द्यायला कुणी नाही अशा कागदावर आपली बाजू मांडतो. तुमच्या आजोबांची वही मला तिथे आठवली, मीठभाकर.

आणि त्याच मृत्युपत्रात ते 300 पौंड. बाजारासाठी जागा हवी, खेडेगावातून माल घेऊन येणाऱ्यांना पावसाथंडीत आडोसा हवा, वर न्यायालयासाठी खोली हवी, ग्रंथालय हवं. 1656 मध्ये तो गेला. गावाने वर्गणीची भर घातली आणि 1658 पर्यंत टाउन हाऊस उभं राहिलं. ज्या सभेने त्याला दंड केला ती त्याच्या पैशाने बांधलेल्या छपराखाली बसू लागली, आणि तिच्या पायाखाली व्यापाऱ्यांचे सौदे.

मुलीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शर्मनबाईचं पुढे काय?" तिच्या घरचं मृत्युपत्र नाही, वही नाही, तिची बाजू दुसऱ्यांनी लिहिली तेवढीच. शनिवारी आम्ही दोघी त्या इमारतीत जाणार आहोत. खांब कुठे असतील, बाजार कुठे भरत असेल, त्याचा तिने वहीत एक नकाशा काढलाय. तिने त्यात एक डुकरीणही काढली आहे, न्यायालयाच्या जिन्याखाली.

---

मीठभाकर

नकाशाचा फोटो टाका. दुकानात लावतो.